सही कोणाची?

गेल्या वर्षी श्रावणात आमच्याकडे पोळ्या करायला येते तिची पाळी चुकली. वय २९, राहायला धनकवडीत, दोन मुली, थोरली चौथीत आणि धाकटी बालवाडीत, नवरा ट्रकवर, चेन्नई लाईनला, महिन्यातनं दहा दिवस घरी असला तर असला. कणीक मळता मळताच म्हणाली, काकू, राहिलंय वाटतं. घरी टेस्ट केली होती तिनं, दोन रेघा आल्या होत्या. मग म्हणाली, मला नकोय. एवढंच. मीही पुढे विचारलं नाही कारण विचारायचं काय त्यात, सहा घरच्या पोळ्या लाटून दोन लेकरं वाढवणारी बाई नकोय म्हणते म्हणजे तिनं रात्र रात्र जागून सगळा हिशोब आधीच केलेला असतो.

मी म्हटलं जा बिनधास्त दवाखान्यात, गर्भपात कायद्यानं चालतो, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी तशीच परत आली. दवाखान्यातले नवऱ्याची सही आणा म्हणाले. तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला होता, स्पीकरवर, तो तिकडून म्हणतोय की हो करून टाका, माझी काही हरकत नाही, तर काउंटरवरची बाई म्हणे फोनवर नाही चालत, माणूस समोर पाहिजे. माणूस तमिळनाडूत, गाडी खाली व्हायची थांबलेली, यायला अजून आठ-नऊ दिवस.

मग ती दुसरीकडे गेली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर दोन मुली वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला म्हणाली. आधी सोनोग्राफी कुठं केलीस, मुलगी आहे म्हणून सांगितलं का कुणी, खरं बोल. सातवा आठवडा चालू होता हो तिचा. तिसऱ्या ठिकाणी सहीबिही काही नको म्हणाले, फक्त बावीस हजार लागतील आणि पावती मिळणार नाही. सहा घरांचे मिळून तिला महिन्याला चौदा हजार मिळतात.

हे कुठल्या आडगावातलं नाही, पुण्यातलं आहे, जिथे दर दुसऱ्या चौकात मॅटर्निटी होमची पाटी दिसते. तिच्याबरोबर जे घडलं त्यातलं एकही कायद्यात बसत नाही. कायद्यात अगदी साधं लिहिलंय, बाई १८ वर्षांच्या पुढची असेल आणि तिला मानसिक आजार नसेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. फॉर्म सी नावाचा एक कागद असतो, त्यावर तिचं नाव आणि तिची सही किंवा अंगठा, बास. नवऱ्याच्या सहीसाठी त्यात रकानाच नाहीये. २०१७ मध्ये एका नवऱ्यानं बायकोनं माझ्या परवानगीशिवाय गर्भपात केला म्हणून नुकसानभरपाई मागत सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली होती, कोर्टानं ती फेटाळली. तरी आपल्याकडे बाई एकटी गेली की पहिला प्रश्न येतो तो मिस्टर कुठायत हाच.

यावर लोक म्हणतात, अहो पण आपल्याकडे कायदा आहे ना, ५० वर्षांपासून आहे, अमेरिकेत बघा, कोर्टानं हा हक्कच काढून घेतलाय, आपण त्यांच्या पुढे आहोत. अर्धं खरं आहे ते. १९७१ चा कायदा, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला, आणि तो ज्या समितीच्या अहवालावर उभा आहे तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. समिती १९६४ मध्ये नेमली गेली, कारण बायका मरत होत्या. काड्या घालून, जडीबुटी खाऊन, सुईणीकडून आणि कुणाकुणाकडून पोट पाडून घेऊन. त्या मरू नयेत ही कळकळ खरी होती आणि तिच्यामुळे लाखो जीव वाचले, हे मी मनापासून मान्य करते. पण कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचा तोच काळ होता, लोकसंख्या कमी करायची होती, डॉक्टरांना पोलीस केसची भीती न बाळगता काम करता यावं असं वाटत होतं. बाईचा स्वतःच्या शरीरावर हक्क आहे म्हणून हा कायदा करूया असं त्याच्या मुळाशी नव्हतं. म्हणून त्याची बांधणीच तशी आहे.

बांधणी कशी ते सांगते कारण इथेच सगळी गोम आहे. गर्भपात हा आपल्याकडे मुळात आजही गुन्हा आहे. १८६० च्या इंग्रजांच्या दंडसंहितेत कलम ३१२ होतं, त्यात बाईचा जीव वाचवायला सोडून कोणत्याही कारणानं गर्भपात केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर सात, आणि बाईनं स्वतःच स्वतःचा केला तरी तीही गुन्हेगार. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता आली, इंग्रजांचे कायदे गेले म्हणून केवढा गाजावाजा झाला, आणि हे कलम मात्र जवळजवळ आहे तसं ८८ नंबरनं पुन्हा येऊन बसलं. १९७१ चा हा गर्भपाताचा कायदा, ज्याला एमटीपी कायदा म्हणतात, काय करतो तर या गुन्ह्यातून डॉक्टरला सूट देतो, म्हणजे अमुक अटी पाळल्या तर तुझ्यावर केस नाही. त्या अटी पुऱ्या होतायत की नाही हे कोण ठरवणार, तर डॉक्टर. सद्भावनेनं त्यांचं मत झालं पाहिजे की हे चालू ठेवलं तर बाईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, त्यापुढे २४ पर्यंत ठरावीक प्रकारच्या बायकांसाठी दोघांचं, त्याच्याही पुढे मेडिकल बोर्ड. मला नकोय, हे कारण त्या कायद्यात कुठेच नाही. पहिल्या आठवड्यातही नाही. बाईनं कारण सांगायचं आणि समोरच्याला ते पटायचं. पटवून देण्यात जी तरबेज तिचं काम होतं, जी भेदरलेली असते, जिला नीट बोलता येत नाही, जिच्या अंगावर चांगली साडी नसते तिला सही आणायला पाठवतात.

माझं स्वतःचं सांगते. २००३ मध्ये माझाही गर्भपात झालाय. मुलगा दीड वर्षाचा होता, मला पुन्हा दिवस गेले, नोकरी नुकती लागलेली आणि मी त्या वेळी आतून पार थकलेली होते. आमच्या फॅमिली डॉक्टरीण बाई माझ्या आईच्या मैत्रीण. सकाळी गेले, अकराला क्युरेटिन झालं, म्हणजे पिशवी साफ केली, दुपारी घरी येऊन मऊ भात खाऊन झोपले. मला कुणी कारण विचारलं नाही, की सोनोग्राफी कुठं केली म्हणून उलटतपासणी घेतली नाही. आजपर्यंत त्याचा एक दिवस पश्चात्ताप झाला नाही आणि ते कुणाला सांगायचंही धाडस झालं नव्हतं, आता लिहितेय. माझ्यात आणि पोळ्या करणारीत फरक काय होता? मला ओळख होती. जे ओळखीनं मिळतं ते हक्कानं मिळालं असं नाही म्हणता येत, ते मला समजायला वीस वर्षं गेली.

पुण्यात राहून हा विषय निघाला की मला गंज पेठेतला फुलेवाडा आठवतो. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्या काळी विधवेला, त्यातही ब्राह्मण घरातल्या, दिवस गेले की तिच्यापुढे विहीर नाहीतर काळं पाणी, आणि पोर तिच्या पोटात टाकणारा दीर, सासरा, शेजारी उजळ माथ्यानं गावात फिरणार. फुल्यांनी शहरात जाहिराती लावल्या, त्यांचा मतितार्थ असा की इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या खुशीवर. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत याच घरात जन्मलेला, काशीबाई नावाच्या विधवेचा. ते बाळंतपणाचं घर होतं, गर्भपाताचं नव्हतं, हे माहितीय मला, पण तुमच्या खुशीवर हे दोन शब्द बघा. पोटुशी विधवा म्हणजे कुलटा असं मानणाऱ्या शहरात १८६३ साली कुणीतरी तिला विचारतंय की बाई तुझी इच्छा काय. कारण सांग म्हणत नाही, सोबत कोण आहे विचारत नाही. दीडशे वर्षांहून जास्त झाली, त्या वाड्यापासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवरच्या काउंटरवर तो प्रश्न विचारला जात नाही.

आणि १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली, पण त्यावरून वर्तमानपत्रांतून अख्ख्या बाईजातीवर जी चिखलफेक झाली ती वाचून आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी पेटून उठून स्त्रीपुरुष तुलना लिहिली, ती १८८२ मध्ये पुण्यातच छापली गेली. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, प्रोफेसरकी गेली, खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. त्याच बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडल्या गेलेल्या संततिनियमनाच्या ठरावासाठी भाषण तयार केलं होतं, त्यात त्यांनी म्हटलंय की बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मूल व्हायला कुणी तयार झाला नसता. ठराव पडला. हे सगळं मी का सांगतेय तर हा हक्क पाश्चात्त्यांकडून आलेलं फॅड आहे असं जे म्हणतात त्यांनी आपल्याच घरातलं आधी वाचावं. आपल्या घरात तो वाद १६० वर्षं चालू आहे.

आता त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे येते. त्यांच्यावर मला राग आहे पण त्यांची भीती कुठून आली तेही माहितीय. महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या मुलींचं प्रमाण २००१ च्या जनगणनेत दर हजार मुलांमागे ९१३ होतं, २०११ ला ८९४ वर आलं, बीड जिल्ह्यात तर ८०७. ही आपली लाज आहे, तिच्यावर पांघरूण घालायचं नाही. गर्भलिंगचाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला आणि तो करायला लावणाऱ्या बहुतेक स्त्रीचळवळीतल्या बाया होत्या, ज्या त्याच तोंडानं गर्भपाताचा हक्कही मागत होत्या. त्यांच्या डोक्यात गोंधळ नव्हता. गुन्हा आहे तो चाचणी करून लिंग सांगण्याचा. १९९४ चा केंद्राचा कायदाही तेच सांगतो, तो सोनोग्राफीच्या मशीनवर आणि ते चालवणाऱ्यावर लक्ष ठेवायचा कायदा आहे. पण २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत मुलगी आहे म्हणून गर्भ पाडले जात असल्याचं प्रकरण बाहेर आलं, सगळीकडे संताप उसळला आणि तो संताप वळला कुठे, तर गोळ्यांकडे. औषध दुकानांवर छापे, रजिस्टरं तपासणं, नोटिसा. दुकानदारांनी विचार केला कशाला ही भानगड आणि गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं.

इथे जरा थांबून महिन्यांचा हिशोब करा. गोळ्यांनी गर्भपात करायला कायद्यानं मुभा आहे ती नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे ओळखू यायला लागतं ते तिसरा महिना संपता संपता, बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या पुढे. सातव्या आठवड्यात आलेली बाई मुलगी आहे म्हणून पाडायला आलेली असूच शकत नाही, कारण तिला काय, डॉक्टरला काय, सोनोग्राफीत कुणालाच ते अजून दिसत नसतं. तरी दोन मुलींची आई असली की तिच्यावर संशय. म्हणजे मुलीच झाल्या म्हणून सासरी बोलणी खाल्ली आणि मुलीच आहेत म्हणून दवाखान्यातही बोलणी. स्त्रीभ्रूणहत्या हा शब्द आपण इतकी वर्षं भिंतीभिंतींवर, एसटी स्टँडवर, गणपतीच्या देखाव्यांत रंगवला की लोकांच्या मनात गर्भपात आणि हत्या हे दोन शब्द एकाला एक चिकटून बसलेत. मी कॉलेजच्या मुलींशी बोलते अधूनमधून, हुशार मुली, निम्म्याहून जास्त जणींना वाटतं गर्भपात भारतात बेकायदेशीर आहे. का, तर लहानपणापासून त्यांनी पाटी वाचलीय की गर्भलिंगनिदान गुन्हा आहे, दुसरी पाटी कधी लागलेलीच नाही.

आणि जेव्हा दारं बंद होतात तेव्हा बाई थांबत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात भारताचा अभ्यास आला, त्यात २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज आहे. त्यातले फक्त २२ टक्के दवाखान्यात. ७३ टक्के गोळ्या घेऊन दवाखान्याबाहेर, आणि ५ टक्के इतर कसल्या कसल्या उपायांनी. म्हणजे ५० वर्षं कायदा असलेल्या देशात चारातल्या तीन बायका दवाखान्याची पायरी चढतच नाहीत. गोळ्या वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही अतिशय सुरक्षित औषधं आहेत, २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, नीट घेतली तर बहुतेक जणींचं घरच्या घरी काम होतं. पण नीट म्हणजे किती आठवडे झालेत ते माहीत हवं, पहिली गोळी घेतल्यावर दुसऱ्या कधी घ्यायच्या ते माहीत हवं, गर्भ नळीत नाही ना याची खात्री हवी, किती पॅड भिजले की दवाखाना गाठायचा ते कुणीतरी सांगायला हवं. काउंटरखालून कागदात गुंडाळून मिळणाऱ्या किटबरोबर यातलं काहीच मिळत नाही.

आमच्या बाईनं तेच केलं. तिसऱ्या दवाखान्यानंतर ती मला काही बोलली नाही, लाज वाटली असावी किंवा मी पैसे देऊ करीन याचा संकोच. कुणा ओळखीच्यानं किट आणून दिलं. पाचव्या दिवशी सकाळी नेहमीसारखी कामाला आली, चार पोळ्या लाटल्या आणि ओट्याला धरून उभी राहिली. तवा जळत होता, मी म्हटलं अगं पोळी, तर ती माझ्याकडे बघत होती पण तिला दिसत नव्हतं. साडीच्या मागच्या बाजूला पदर गुंडाळून घेतला होता तिनं, तो काढला तर पार परकरापर्यंत भिजलेलं. पाच दिवस अंगावरून जात होतं आणि ती पाच दिवस सहा घरी पोळ्या करत होती. रिक्षात बसताना म्हणाली, काकू सीटवर पेपर टाका, त्याची सीट खराब होईल.

मला रिक्षात सविता हलप्पनवार आठवत होती, खोटं नाही सांगत. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, लग्नानंतर आयर्लंडला गेली, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये १७ आठवड्यांची असताना गर्भपात व्हायला लागला, गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांना कळत होतं, ती आणि नवरा विनवण्या करत होते की मोकळी करा, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून त्या देशाच्या कायद्यापायी डॉक्टर थांबून राहिले, तिला सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरला, आणि ३१ व्या वर्षी ती गेली. तिचे आईवडील इकडे टीव्हीवर रडत होते. त्या देशाला मात्र लाज वाटली, सहा वर्षांनी, २५ मे २०१८ ला सार्वमत घेऊन ६६ टक्क्यांनी तिथल्या लोकांनी घटनाच बदलली. आपल्या मुलीच्या मरणानं दुसरा देश शहाणा झाला आणि आपण आपल्या दवाखान्यांत सही मागत बसलोय.

आता गर्भाच्या जिवाचं काय हा प्रश्न. मी तो टाळणार नाही. माझी सख्खी मावशी हा प्रश्न विचारते, वारकरी आहे, मुंगीलाही पाय लागू देत नाही, तिच्याशी या विषयावर बोलताना मला शब्द जपून वापरावे लागतात. मावशी म्हणते जीव तो जीव. मी म्हणते मावशी, गर्भ वाढायला बाई लागते, तिचं रक्त लागतं, हाडातलं कॅल्शियम लागतं, नऊ महिने आणि पुढची वीस वर्षं लागतात, आणि बाळंतपणात जीव जायची शक्यताही तिचीच. कुणाचा जीव वाचवायला कायदा तुझी किडनी जबरदस्तीनं काढून घेत नाही, तुझ्या पोरालाही गरज असली तरी नाही, तू दिलीस तर ते दान, ते मोठेपण, पण सक्ती नाही. मग पोटाची सक्ती एवढी सहज कशी वाटते आपल्याला? गर्भाला काहीच किंमत नाही असं मला म्हणायचं नाही, जसजसे महिने जातात तसतशी ती वाढते असं बहुतेक बायकांनाच वाटतं, म्हणूनच कुठलीही बाई मजा म्हणून सातव्या महिन्यात गर्भपाताला येत नाही. उशिरा येते ती उशीर झालेला असतो म्हणून. पाळी अनियमित होती म्हणून, घरच्यांनी कोंडून ठेवलं म्हणून, नवरा सोडून गेला म्हणून, तीन दवाखान्यांनी परत पाठवलं म्हणून. मावशी यावर गप्प बसते. पटलंय असं नाही, पण शेवटी एकदा म्हणाली, आमच्या काळी विचारलं असतं कुणी तर मी चारावर थांबले असते. तिला सात झाली, त्यातली पाच जगली.

कोर्ट हळूहळू त्या दिशेनं चाललंय, ते नाकारून चालणार नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूल होऊ द्यायचं की नाही ही निवड घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात विवाहित स्त्री आणि तिचा पती याऐवजी स्त्री आणि तिचा जोडीदार असे शब्द आले. मग २९ सप्टेंबर २०२२ चा न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा निकाल, अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत तोच हक्क, आणि नवऱ्यानं बळजबरी केली असेल तर गर्भपाताच्या कायद्यापुरता तो बलात्कारच धरायचा. तेवढ्यापुरताच, कारण फौजदारी कायद्यात नवऱ्याला आजही सूट आहे. याच निकालात असंही आहे की १८ च्या आतली मुलगी आली तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवताना तिनं आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही. हिंजवडीत पीजीमध्ये राहणाऱ्या, लातूर-नांदेडहून आलेल्या कितीतरी मुलींना हे माहीतच नाही, त्यांना अजून वाटतं मंगळसूत्र घालून गेल्याशिवाय कुणी हात लावणार नाही. हो, घालून जातात, तुळशीबागेतलं घेऊन.

पण कोर्टाचा कल एकसारखा राहत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईला, जिला आधीच्या बाळंतपणानंतर गंभीर मानसिक आजार झाला होता आणि अंगावर पाजत असल्यामुळे दिवस गेलेले कळलेच नाहीत, तिला २६ व्या आठवड्यात त्याच सुप्रीम कोर्टानं आधी हो म्हटलं आणि मग नाही. तिच्या पोटावर आठवडाभर देशभर टीव्हीवर चर्चा. याच्या उलट जानेवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं ३२-३३ आठवड्यांच्या बाईला परवानगी देताना स्पष्ट सांगितलं की हा निर्णय तिचा आहे, मेडिकल बोर्डाचा नाही. म्हणजे तुमच्या वाट्याला कुठलं खंडपीठ येतं त्यावर. आणि २४ आठवड्यांनंतर, बाईचा जीव वाचवायची तातडी सोडली तर, कायदा फक्त एकाच कारणाला दार उघडतो, गर्भात मोठं व्यंग असेल तर. बलात्कार झालेल्या मुलीला नाही, तिनं हायकोर्टात जायचं, वकील शोधायचा, तारीख घ्यायची, आणि तिकडे पोट वाढत राहणार. शिवाय व्यंग असेल तरच चालेल असं म्हणून कायदा अपंगांच्या जगण्याबद्दल काय बोलतो, याबद्दल अपंग हक्कांच्या चळवळीतल्या मैत्रिणी संतापानं बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे. निर्णय बाईचा, कारण तिचं, ते तिच्याजवळ राहू द्या, एवढं मानलं तर कुणाचं आयुष्य जगायच्या लायकीचं हे सरकारला ठरवावंच लागणार नाही.

मला काय हवंय ते सरळ सांगते. निदान पहिल्या १२ आठवड्यांत बाईनं मागितला की गर्भपात मिळाला पाहिजे, कारण न विचारता. त्यापुढे डॉक्टरांनी वैद्यकीय धोका काय ते बघावं, तिच्या चारित्र्याचा आणि कुटुंबाचा पंचनामा करू नये. न्याय संहितेतलं ८८ कलम बाईच्या बाबतीत तरी काढा, जबरदस्तीनं कुणी करवला तर त्याला शिक्षा राहूदे, नक्की राहूदे. महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात ही सेवा रोज मिळावी, आठवड्यातून एक दिवस नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या असाव्यात. आणि एक पाटी लावा. गर्भलिंगनिदान केलं जात नाही या पाटीच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: गर्भपात कायदेशीर आहे, नवऱ्याची सही लागत नाही. याला कायदा बदलायची सुद्धा गरज नाही, रंग आणि ब्रश लागतो.

त्या दिवशी रिक्षा आम्ही सरकारी दवाखान्यात नेली. गर्भपात अर्धवट राहिला होता, पिशवी साफ करावी लागली, रक्ताची एक बाटली चढवली. तिथे ड्युटीवर एक अगदी लहान वयाची डॉक्टर मुलगी होती, डोळे झोपेनं लाल झालेले. मी सवयीनं पुढे होऊन म्हटलं हिचा नवरा बाहेरगावी आहे, मी सही करते. ती म्हणाली, तुम्ही बसा मावशी, पेशंट शुद्धीवर आहे ना. आणि कागद पॅडला लावून तिच्यासमोर धरला, पेन हातात दिलं, काय काय करणार आहोत ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं, मध्ये दोनदा थांबून विचारलं, कळलं का ताई. आमची बाई बचत गटात सही करायला शिकलीय, जोडाक्षराला अडते. सलाईन लावलेला हात उजवाच होता. मी कागद धरायला गेले तर तिनं मान हलवली आणि पॅड छातीशी धरून डाव्या हातानं पेन सावरत एक एक अक्षर काढत बसली. मागे रांगेत तीन बायका होत्या. डॉक्टर मुलगी उभी राहिली होती तशीच उभी, घाई कर म्हणाली नाही.